हजेरीतून कमी

हजेरी सांभाळणाऱ्या ताईंचं काम एकदम चोख. आजचं काम उद्यावर ढकलणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. गोदामातले काका संध्याकाळी निवृत्त होणार, म्हणून जेवणाच्या सुट्टीआधीच त्यांनी हजेरीच्या सॉफ्टवेअरमध्ये काकांचं नाव ‘नोकरी सोडून गेलेले’ या यादीत टाकून दिलं.

"अगं ताई, संध्याकाळपर्यंत तरी ठेवायचंस की मला!" काका हसत म्हणाले आणि किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवत गोदाम आवरायला निघून गेले.

चार वाजता गोदामाने पेट घेतला. आज कामावर किती माणसं होती, असं अग्निशमन दलाच्या प्रमुखाने विचारलं, तेव्हा ताईंनी मोबाइलवर हजेरी उघडून दाखवली. बेचाळीस नावं. आवारातली डोकी मोजली, तीही बरोबर बेचाळीसच भरली.

"आत कुणी नाही. मागे फिरा रे!" प्रमुखाने आपल्या माणसांना हाक दिली. ताईंचा जीव भांड्यात पडला.



"सगळे आले ना बाहेर?" काकांना घरी न्यायला आलेल्या काकू फाटकाशी फुलांचा गुच्छ घेऊन उभ्या होत्या. "मग हे कुठं दिसत नाहीत ते?"