राणीचं मनगट

राणीचा रडण्याचा प्रवेश संपला आणि अण्णा नेहमीसारखे उठून चालायला लागले. आज मात्र मी लुगडं सावरत त्यांच्या मागे धावलो.

दशावतारातली राणी मी त्यांच्याकडूनच उचललेली. ते स्वतः राणी व्हायचे, तेव्हा रडताना पदर कधी डोळ्यांना लावायचे नाहीत. उलट्या मनगटानं डोळे पुसायचे, आणि समोरच्या बायका मुसमुसायच्या. मी तसंच करतो. वयोमानानं त्यांनी काम सोडलं, तरी माझ्या प्रत्येक खेळाला पुढे येऊन बसतात आणि एवढं बघून निघतात. यापुढचं त्यांना बघवत नसणार, असंच मी समजत आलो.

देवळाच्या पायरीवर त्यांना गाठलं. "अण्णा, राणी अजून जमना नाय काय माका?"

"तुझी राणी बघूक खंय येतंय मी?" चपला घालत ते म्हणाले. "तुझी काकी होती तेव्हा चुलीपुढे अशीच डोळे पुशी. धूर डोळ्यांत, हात पिठाचे. तिचो फोटोसुद्धा नाय माझ्याकडे."

पुढच्या खेळात राणी जरा जास्तच वेळ रडली.