कापरी रेघ

थरथरणारा हात स्थिर करणारा हातमोजा बनवणारी ती नवी कोरी कंपनी. तिच्या लोगोसाठी चित्रकार काकांनी हाताच्या चित्राचे नऊ नमुने केले होते, सगळे कॉम्प्युटरवर, आखीवरेखीव. स्वतःचा उजवा हात दोन वर्षांपासून कापतो, याबद्दल मात्र त्यांनी कुणाकडे अवाक्षर काढलं नव्हतं. लोकांसमोर ते पेन्सिल धरत नसत. पुढ्यात आलेला चहासुद्धा ‘घेतो नंतर’ म्हणत गार होऊ देत.

कंपनीची मालकीण त्यांच्या मुलीच्या वयाची. नमुने पाहून ती म्हणाली, “छान आहेत काका, पण यातला एकही हात आमच्या माणसांचा वाटत नाही.” तेवढ्यात फाईलमधून एक कागद निसटून खाली पडला. काकांनी घरी पेन्सिलीने काढलेला हात होता तो, पाचही बोटांच्या रेघा नागमोडी. काकांनी झडप घातली, पण तिने तो आधीच उचलला होता.

“हा कुणी काढला?”

काकांची मान खाली गेली. “मीच. हात आता पूर्वीसारखा राहिला नाही गं.”

तिने कपाटातून पहिलावहिला तयार हातमोजा आणला, त्यांच्या हातात चढवला आणि पेन्सिल पुढे केली. काकांनी श्वास रोखून रेघ ओढली. सरळसोट! त्यांचे डोळे भरून आले. “पोरी, आता सांग, कसा हवा तुझा लोगो? म्हणशील तितक्या वेळा काढून देतो.”

“नको काका,” मघाचा तो कागद छातीशी धरत ती हसली, “आमचा लोगो झालाय. आणि तो आता तुम्हाला पुन्हा काढता यायचा नाही.”