बाटली नंबर ४१७

"कसं वाटलं, एवढंच सांगायचं," टेबलाच्या टोकाशी बसलेली शेरिल पुन्हा हसून इंग्रजीत म्हणाली. "केस तुमचे, मत तुमचं. चूक-बरोबर काही नसतं."

टेबलाभोवती आठ बायका. प्रत्येकीसमोर कंडिशनरच्या तीन बिननावाच्या बाटल्या, नुसते आकडे चिकटवलेल्या. गेले सहा आठवडे सगळ्यांनी त्या घरी वापरल्या होत्या, दोन-दोन आठवडे एकेक. आज त्यातली आवडती निवडायची होती. भिंतीवर मोठा आरसा होता. त्याच्यामागे कंपनीची माणसं बसून ऐकतात, हे नीलांबरीला कोणी सांगायची गरज नव्हती. मुंबईत नऊ वर्षं तीच अशा आरशामागे बसत होती. बायका काय बोलतात ते टिपून घ्यायचं आणि लॅबमध्ये जाऊन नवा घाणा घालायचा.

अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या पार्सिपनीत आल्यापासून तिला कुठेच बसता येत नव्हतं. तिचा व्हिसा नवऱ्याच्या, यतीनच्या नोकरीच्या शेपटाला बांधलेला, त्यावर काम करायला मनाई. एखाद्या कंपनीनं तिच्यासाठी वेगळा अर्ज केला, तरच सुटका. त्यामुळे शेजारची पद्मिनी "चल गं, कंडिशनर फुकट मिळतो, तेवढाच टाइमपास" म्हणाली, तेव्हा ती लगेच हो म्हणाली होती. आज ती कडक इस्त्रीचा शर्ट घालून आली होती. पर्समध्ये बायोडेटा होता.

"फोर सेव्हन्टीन मस्त," पद्मिनी म्हणाली. "सो सॉफ्ट! माझ्या नवऱ्यानंसुद्धा नोटिस केलं, म्हणजे बघा."

बायका खळखळून हसल्या. शेरिलनं नीलांबरीकडे पाहिलं. "आणि तुम्ही?"

नीलांबरी आरशाकडे बघून बोलली. "तिन्हींत चारशे सतराच चांगला. पण आठ दिवसांत त्याला वर पाणी सुटतं, दह्याला सुटतं तसं. करताना गार करायची घाई झालीय. सावकाश ढवळत गार केलं तर नाही सुटणार. चारशे नऊमध्ये सिलिकॉन जास्त पडलंय, पहिले चार दिवस चमक आणि मग चिकटपणा."

टेबलाखालून पद्मिनीचा पाय लागला. "अगं ए, मत विचारलंय. व्हायवा नाहीये."

दार किलकिलं झालं. शेरिलच्या हातात चिठ्ठी आली. तिनं ती वाचली आणि नीलांबरीला म्हणाली, "तुम्हाला जरा बाहेर बोलावलंय."

नीलांबरीनं पर्स उचलली. आत बायोडेटा आहे ना, ते चाचपून पाहिलं.

बाहेर पंचविशीतली एक मुलगी उभी होती. पांढरा कोट, छातीवर नाव, अनिका. "काकू, मराठी ना? माझे आईबाबा पुण्याचे." तिच्याजवळचं मराठी जवळजवळ तेवढंच होतं. पुढचं सगळं इंग्रजीत. "तुम्हाला कसं कळलं? आम्ही तीन महिने डोकं फोडतोय."

नीलांबरीनं सांगितलं. किती तापमानाला काय घालायचं, ढवळायचा पंखा किती वेगानं फिरवायचा, कधी थांबवायचं. अनिका भराभरा लिहून घेत होती. पान उलटलं. मधेच एक आकडा तिनं चुकीचा लिहिला, तर नीलांबरीनं तिच्या हातातलं पेन घेऊन दुरुस्त केला. दोन वर्षांत ती इतकं सलग कोणाशी बोलली नव्हती. मग तिनं पर्समधून बायोडेटा काढून दिला.

अनिकानं तो वाचला आणि तिचा चेहरा उतरला. "पण फॉर्मवर तर होममेकर लिहिलंय."

"इथे तेच तर आहे मी."

"या लाइनमधल्या कुणाला टेस्टला बसवत नाहीत, काकू. रूल आहे. तुमचे सहा आठवडे काढून टाकावे लागतील."

"आणि हे?" नीलांबरीनं वहीकडे बोट केलं.

"हे मी बॉसला दाखवते." अनिकानं वही छातीशी धरली.

"तुमची कंपनी व्हिसासाठी अर्ज करते का?"

"ओह. नो. आय डोन्ट थिंक सो." तिनं बायोडेटा परत केला, मोठ्यांना द्यावा तसा दोन्ही हातांनी. "सॉरी, काकू."

गाडी पद्मिनीची होती, त्यामुळे वाट बघणं आलं. पार्किंगच्या कडेच्या बाकावर नीलांबरी पाऊण तास बसून राहिली.

पद्मिनी एका हातानं फ्लिप फोन मिटत आणि दुसऱ्या हातात गिफ्ट बॅग झुलवत आली. "होतीस कुठे तू? काय मजा मिस केलीस! तू गेल्यावर शेरिलनं विचारलं, पाणी अजून कोणाकोणाला दिसलं? सगळ्यांचे हात वर. मग म्हणते, यावर काय करता येईल? मी म्हटलं, सिम्पल, बाटली हलवायची! मी तर रोज हलवूनच घेत होते. तसं वरतीच लिहून टाका म्हटलं, वापरण्याआधी हलवा. अगं, ती पळत आत जाऊन विचारून आली. तेच छापणार म्हणे."

गाडीत बसून किल्ली फिरवता फिरवता तिला हसू आवरेना.

"सगळ्यांसमोर मला विचारते, आर यू अ केमिस्ट? मी म्हटलं, नो नो, ओन्ली हाउसवाइफ."