अर्जाबरोबर छत्री फुकट

"शेजारचं खासगी विद्यापीठ शंभर अर्जदारांतले सातच घेतं, म्हणून त्याचा डंका. आपण ऐंशी घेतो, धर्मशाळाच ही!" कुलगुरू बैठकीत कडाडले. "साहेब, जागा त्यांच्याकडेही आपल्याइतक्याच," कुलसचिव म्हणाले. "ते फक्त अर्ज भरमसाट गोळा करतात." मग काय, फर्मान निघालं: अर्ज भरा, विद्यापीठाची छत्री फुकट न्या. अख्खं शहर तुटून पडलं. न्हाव्यानं अर्ज भरला, त्याच्या सासऱ्यानंही. शिकवणारे तेच, बाकं तेवढीच. पण आता शंभरातले नऊच आत. पेपरात छापून आलं, 'दर्जा उंचावला!' कुलगुरू छाती फुगवून घरी आले, तर दारात आई, हातात तीच छत्री. "तुझ्या विद्यापीठानं मला नाकारलं." "अगं, अर्ज छत्रीसाठीच भरलास ना?" "पण तू काठावर पास झालास, तेव्हा याच विद्यापीठानं तुलाही नाकारलं असतं, तर आज छत्र्या वाटल्या नसत्यास, विकल्या असत्यास!"