सुखीबाईचा गंज

सुखीबाईचा भाजीनं भरलेला गंज कुंपणावरून आला तेव्हा विमलताई अंबाडीची भाजीच घोटत होती. सुरभीनं तो दोन्ही हातांनी घेतला, जसा काही देवाचा प्रसाद. सासूच्या हातचं ताट ही सून एका हातानं उचलायची.

"ठेव झाकून," विमलताई म्हणाली. "उडून नाही जात."

शेजारच्या सुखीबाईकडे असं होतं तरी काय? चेपलेली भांडी, धुरकटलेली भिंत आणि तिच्या नवऱ्याची, हरिसिंगची, दिवसभराची खोकल्याची ढास. विमलताईच्या घरी स्वतःच्या शेतातली तूर होती, ज्वारी होती, परसात अंबाडी आणि शेवगा होता. आर्णीच्या बाजारातून तेल, मीठ आणि गूळ सोडला तर फारसं काही येत नसे. मुळ्याचा पालासुद्धा तिच्या घरी वाया गेला नाही. डाळीचं वरचं पाणी सारात, उरलेल्या भाकरीचा सकाळी कुस्करा. बायका पाकिटातलं खाऊन दवाखान्यात रांगा लावतात आणि माझ्या घरात कोणाला साधी ढेकर येत नाही, असं ती चारचौघींत सांगे, आणि चारचौघींना ते ऐकून घ्यावं लागे.

चाखत चाखत रांधणाऱ्या बायकांची तिला कीव यायची. देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय तिनं कधी बोट जिभेला लावलं नव्हतं. मूठ हेच तिचं माप. गेल्या वर्षीच्या तापानं ती पार वाळून गेली होती, तरी अंगात बळ येताच आधी स्वयंपाकघरात शिरली. तेव्हापासून जेवताना तिला मिरचीचा झणझणीत ठेचा मात्र लागायचा. त्याशिवाय घास उतरत नसे.

घरची माणसं जेवायची बरी. तिच्या भाजीला भाकरी जास्त लागते, याचा तिला मोठा अभिमान होता. मुलगा कपिल तर प्रत्येक भाजीत दही कालवायचा. सुरभी ज्याच्या त्याच्याजवळ पाण्याचा वेगळा तांब्या ठेवायची. माहेराहून तेवढी एक रीत तिनं बरोबर आणली होती. बाकी सगळी डॉक्टरची थेरं. भातात मीठ नको, भाकरीच्या पिठात मीठ नको. एवढं करून घरातलं मीठ संपायचं ते संपायचंच. सून कुठंतरी सांडते, याबद्दल विमलताईला शंका नव्हती.

तिच्या जेवणाला नवरा, किसनराव, रोज "बेस झाली" म्हणत. सुखीबाईकडून काही आलं की मात्र कोणी चकार शब्द बोलत नसे. माना खाली घालून खात आणि भांडं बोटानं निपटून काढत. विमलताईच्या काळजात ते बोट फिरायचं.

तेही तिनं गिळलं असतं. पण रविवारी सुरभीचं डोहाळजेवण होतं. पुसदहून तिची आई आणि मावश्या येणार होत्या. किसनराव सुपारी कातरता कातरता म्हणाले, तू आता थकली, भाजी-वरण सुखीबाईले करू दे. कपिलनं लगेच मान हलवली. सुरभीनं पदराचं टोक पिळलं, पण नको म्हणाली नाही. म्हणजे विहिणीनं पोटभर जेवायचं आणि पुसदभर सांगत फिरायचं, की पोरीच्या सासूला रांधता येत नाही, शेजारीण बोलवावी लागते.

विमलताई "बरं" म्हणाली. एवढंच.

म्हणून तर आज हा गंज आला होता. सुरभीला आंबटाचे डोहाळे, तेव्हा अंबाडी करून बघ, असं किसनरावांनीच सुखीबाईला सांगितलं होतं. विमलताईनंही मुद्दाम अंबाडीच घेतली होती. आज दोन्ही भाज्या शेजारी शेजारी वाढायच्या असं तिच्या मनात होतं. गंजाचं झाकण उघडलं आणि तिचं मन फिरलं. ज्वारीच्या कण्या छान फुलल्या होत्या. वर लसणाची फोडणी तरंगत होती.

सुरभी परसात गेली होती. विमलताईनं मिठाचा डबा ओढला आणि भाजीत मीठ घालून पळीनं ढवळलं. ही भाजी देवापुढे जायची नव्हती, तेव्हा चाखायला हरकत नव्हती. तिनं बोट बुडवून चाटलं. काही फरक वाटला नाही. मुळात अळणीच रांधली असेल बयेनं. तिनं आणखी घातलं, रोज आपल्या भाजीला घालायची तेवढं मूठभर. मग स्वतःचं पातेलं ओट्याखाली सारलं.

तिघं जेवायला बसली. विमलताईनं गंज सगळ्यांसमोर ठेवला आणि स्वतःच्या हातानं वाढलं.

"घ्या, तुमच्या सुखीबाईची अंबाडी. रविवारी पाहुण्यांले हेच वाढाचं हाय. नीट चाखून सांगा."

पळी हातात धरून ती उभी राहिली. आता कोणाचं तोंड आधी वाकडं होतं, तेवढंच बघायचं होतं.

कपिलनं घास घेतला, जरा थांबला आणि दह्याची वाटी ओढली. सुरभीनं तांब्या उचलला. तोंड कोणी वाकडं केलं नाही. कोणी थुंकलं नाही. दोघं रोजच्यासारखी मुकाट्यानं भाकरी मोडत राहिली.

विमलताईला काही समजेना.

किसनरावांनी पेलाभर पाणी एका दमात संपवलं. मिशा पुसल्या. बायकोची चोरी पकडल्यासारखे ते गालात हसले.

"काहून खोटं बोलतं वं, कपिलची माय? हे सुखीबाईची कुठं हाय? पहिल्याच घासाले ओळखली म्या. हे तुह्याच हातची हाय."