बॉनेटवरचं धुकं

"परत आलं! पपा, परत आलं!"

मोनाच्या आवाजानं गल्लीतली झोपलेली कुत्रीसुद्धा उठून भुंकायला लागली. काळ्या फियाटच्या बॉनेटवर पुन्हा तेच. धुरकट, पांढुरकं, कुणी दुधाचा हात फिरवल्यासारखं. काल संध्याकाळी याच बॉनेटमध्ये बघून तिनं वेणी घातली होती. आज तोंड सोडाच, रिबिनीचा लाल रंगसुद्धा दिसेना.

रोज संध्याकाळी पॉलिश करायचं आणि रोज सकाळी हे तोंड वर काढायचं. आई म्हणाली, दृष्ट लागली. तिनं लिंबू-मिरच्या बांधल्या. मामा म्हणाला, रॉकेलनं पूस. कुणीतरी टूथपेस्ट सांगितली. मोनानं निम्मी ट्यूब घासून संपवली. गाडीला लवंगेचा वास सुटला आणि घरात दात घासायला मीठ उरलं.

पपा, म्हणजे सयाजीराव, नुसते फणफणत होते. परवा आक्काचं लग्न. वऱ्हाड कागलाहून मुरगूडला जाणार, नवरी या गाडीत बसणार, आणि सगळ्यांच्या पुढं ही गाडी. गोठ्यातली म्हैस, भिंगरी, विकून त्यांनी ही जुनी फियाट घेतली होती. नवा रंग मारून घेतला होता. मेव्हण्यानं देऊ केलेली पांढरी ॲम्बेसिडर ताठ मानेनं नाकारली होती. "पोरगी माझ्या गाडीतनं जाणार," असं त्यांनी अख्ख्या कागलात सांगितलं होतं. मोनानं अख्ख्या दहावी 'ब'ला.

"जोत्या, रंग मारलायस का शेण सारवलंयस?" पपा ओरडले.

जोतीराम पेंटर खाली बसून बॉनेट न्याहाळत होता. तो आणि पपा बिगरीपासूनचे दोस्त. त्यानं बोट फिरवलं. बोटाला किंचित चिकट लागलं. त्याचा चेहरा पडला.

"रंग वाळंना झालाय सयाजी. थिनरनं दगा दिला बघ. शाहूपुरीत नवा दुकानदार गाठला, तितंच चुकलं. आज परत पॉलिश मारतो."

"मार. आन उद्या सकाळी असंच दिसलं, तर माझ्या दारात पाय ठेवायचा न्हाय. लगनाला बी न्हाय!"

अज्जा, म्हणजे पपांचे वडील, या सगळ्यात गप्पच होते. ते कट्ट्यावर तंबाखू मळत बसले होते. भिंगरी विकली त्या दिवशीही ते असेच होते, अवाक्षर काढलं नाही. फक्त बाजारातून तिचं दावं परत घेऊन आले, कारण जनावर विकलं तरी दावं द्यायचं नसतं. गोठ्यात आता गाडी उभी राहायची आणि तिच्या डोक्यावर, खुंटीला, ते कळकट दावं लोंबायचं. मोनाला त्याचा भयंकर राग यायचा. हे काय गाडीच्या घराला शोभतं?

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या आतच ती उठली. या धुक्याला आज रंगेहाथ पकडायचंच! ती पाण्याच्या पिंपामागं दबा धरून बसली. न्हाणीची चूल पेटली होती. ओल्या लाकडांचा धूर गोठ्यात भरत होता.

आणि अज्जा आले. हातात तेलाची वाटी.

त्यांनी वाटी बंपरवर ठेवली. तळहातावर तेल घेतलं आणि बॉनेटवर लावायला सुरुवात केली. वरून खाली, वरून खाली, कधी उलटा हात नाही, जसे म्हशीच्या अंगावरचे केस बसतात तसा. मग धोतराच्या सोग्यानं हलकेच टिपून घेतलं. पुढच्या मडगार्डवर थाप मारली.

"थंडीत अंग फुटतंय गं तुजं," ते पुटपुटले. "उद्या पावण्यांच्या दारात जायचं. अशी कोरडी कशी धाडू?"

मोनाच्या डोळ्यांदेखत चुलीचा धूर त्या तेलावर बसत गेला. काळं बॉनेट पांढुरकं झालं. तिच्या घशाशी आरोळी तयार होती. ती तिथंच थांबली.

अज्जांनी हाताला उरलेलं तेल आपल्या नडगीला चोळलं, भिंगरीच्या वेळी चोळायचे तसंच. आणि वाटी घेऊन आत गेले.

ऊन वर आलं तसा जोतीराम आला. इस्त्रीचा शर्ट घालून, पॉलिशची डबी घेऊन. पपा आधीच कमरेवर हात ठेवून उभे होते.

"बघ! बघ तुजं काम!"

जोतीरामनं बोट फिरवलं. चिकट. तो वळला. फाटकापाशी जाऊन म्हणाला, "माजंच चुकलं असंल सयाजी. उद्या अक्षता तेवढ्या लांबनं टाकतो. त्याला तरी न्हाय म्हणू नगंस."

कट्ट्यावर अज्जांचा तंबाखू मळणारा अंगठा थांबला. त्यांनी मान वर केली. ओठ हलले. आजवर घरात कुणी त्यांना वेडं म्हटलं नव्हतं. आता खरं सांगितलं की म्हणणार होतं, आणि तेही लग्नाला आलेल्या पाहुण्यांसमोर.

मोना एका ढांगेत मध्ये येऊन उभी राहिली.

"जोतीरामकाका, थांबा! पपा, रंग एकदम झकास हाय. तेल मी लावलंय. रोज मीच!"

"तेल? गाडीला?" पपांचा हात वर गेला. "डोकं फिरलंय काय तुजं? कशाला?"

मोनानं हनुवटी वर केली.

"थंडीत अंग फुटतंय तिचं."

पपांचा हात तसाच राहिला. हे वाक्य त्यांनी लहानपणापासून ऐकलं होतं, दर हिवाळ्यात, याच गोठ्यात. त्यांनी खुंटीवरच्या दाव्याकडं पाहिलं. मग कट्ट्याकडं. कोवळ्या उन्हात अज्जांच्या नडग्या चकाकत होत्या.

पपांनी शर्टाच्या बाह्या वर सारल्या.

"जोत्या, हिकडं ये. ते पॉलिश कसं करायचं, मला दाव. रोज सकाळी मीच करत जाईन."