उजव्या हाताचा स्मॅश

तिने मारलेला व्हॉलीबॉल पुन्हा जाळ्यात गेला आणि व्हिडिओ काढणाऱ्या नवऱ्याने मोबाइल खाली केला.

"बघ, इथेच चुकतंय," तो मैदानात शिरत म्हणाला. "उजव्या खांद्याचा स्नायू उशिरा आकुंचन पावतोय. मग स्मॅशला जोर येणार कुठून?"

कडेला सतरंजीवर बसलेल्या लेकीने हात वर केले. तिने घाम पुसत लेकीला कडेवर घेतलं आणि दुसऱ्या हाताने पाण्याची बाटली तोंडाला लावली. पुढच्या महिन्यात संघाची निवड होती. बाळंतपणाआधी तिचा स्मॅश अडवायला दोघीजणी उड्या मारायच्या. आता नवशिकी पोरसुद्धा तो आरामात उचलत होती. या वेळी जागा गेली की गेलीच, हे तिला कोणी सांगायला नको होतं.

नवऱ्याने मात्र कंबर कसली होती. गडी स्वतः कधी चेंडूच्या वाटेला गेला नव्हता, पण बायकोचा खांदा त्याला तोंडपाठ! ताकद तळपायातून निघते, मांडीतून कमरेत येते, तिथून खांद्यात आणि शेवटी मनगटात, हे पुराण तो व्हिडिओ पाहून पाहून शिकला होता आणि लेक कडेवर घेऊन एका हाताने भाजी परतणाऱ्या बायकोला रोज ऐकवत होता. त्याने रबराचे पट्टे आणले, डंबेल्स आणली. स्मॅश काही सुधारेना.

शेवटी तोच तिला फिजिओथेरपिस्ट बाईंकडे घेऊन गेला. बाईंनी तिचा उजवा खांदा दाबून पाहिला, फिरवून पाहिला.

"ठणठणीत आहे."

नवऱ्याचं तोंड एवढंसं झालं. मग बाईंनी त्याने काढलेला व्हिडिओ पाहिला आणि म्हणाल्या, "आता डावा हात वर करा बघू."

तिने डाव्या कडेवरच्या लेकीला उजव्या कडेवर घेतलं. डावा हात कानाच्या जरा वर गेला आणि अडला.

"उडी मारली की आधी हा हात चेंडूकडे जायला हवा," बाई म्हणाल्या. "तो खाली खेचला की कंबर वळते आणि उजवा हात सपकन येतो. तुमचा हा वरच जात नाही. कंबरही एका बाजूने आखडलीय. दिवसभर ही कोणाच्या कडेवर असते?"

"माझ्याच."

"आणि हे काय करतात?"

"हा मला स्नायू शिकवतो."

बाईंना हसू आवरेना. नवऱ्याला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढे व्हिडिओ पाहिले, पण डावीकडे त्याचं एकदाही लक्ष गेलं नव्हतं.

"व्यायाम लिहून द्या," तो पुटपुटला. "ती रोज करतेय की नाही, मी बघतो."

"तिला थोडेच आहेत. खरा व्यायाम तुम्हाला आहे," बाई म्हणाल्या आणि त्यांनी लेकीला उचलून सरळ त्याच्या कडेवर दिलं.

निवडीच्या दिवशी ती उडाली. डावा हात चेंडूकडे गेला, खाली आला, आणि चेंडू पलीकडे असा आदळला की अडवायला उडालेल्या दोघी बघतच राहिल्या. "ही आली संघात!" प्रशिक्षक तिथूनच ओरडले. सगळे टाळ्या वाजवायला लागले.

नवऱ्यालाही फार वाजवाव्याशा वाटत होत्या, पण हात मोकळे कुठे होते!